स्मार्टवॉचचं बॅटरी लाइफ

स्मार्टवॉच एकदा फुल चार्ज केलं की परत चार्जरला लावेपर्यंत किती वेळ चालतं ते त्याचं बॅटरी लाइफ, आणि हा आकडा साधारण 18 तासांपासून महिनाभरापर्यंत कुठेही असतो. नुसत्या बॅटरीच्या साइझवरून काही कळत नाही. 2015 च्या पहिल्या ॲपल वॉचच्या 38 मिमी मॉडेलमधे 205 एमएएचची (एमएएच म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) बॅटरी होती आणि कंपनी 18 तास सांगायची, नंतर आलेल्या अमेझफिट बिपमधे 190 एमएएचच होती तरी दावा 30 दिवसांचा. कारण बिपचा स्क्रीन बाहेरच्या उजेडावर दिसतो, उन्हात तर मस्तच, म्हणून कायम चालू ठेवूनही चार्जिंग फारसं जात नाही, आणि आतलं सॉफ्टवेअर एकदम साधं, कॉलवर बोलायची सोय नाही. ॲपलचा ओएलईडी स्क्रीन स्वतः उजेड पाडतो, वर ॲप्स चालवायची म्हणजे प्रोसेसरही तगडा लागतो.

ओएलईडीवर काळा भाग म्हणजे बंद पिक्सेल, त्यामुळे काळ्या बॅकग्राउंडचा वॉचफेस खरंच बॅटरी वाचवतो. ऑलवेज-ऑन, म्हणजे स्क्रीन कायम चालू, ठेवलं की मात्र बऱ्याच घड्याळांचे दिवस जवळपास निम्मे होतात. 2019 च्या ॲपल वॉच सिरीज 5 ने यावर चांगला मार्ग काढला, हात खाली गेला की स्क्रीन मंद होतो आणि सेकंदाला 60 ऐवजी एकदाच रिफ्रेश होतो, सेकंद काटाही गायब होतो, म्हणून ऑलवेज-ऑन देऊनही 18 तास टिकले.

जीपीएस दिवसभर झोपलेलं असतं पण रनिंग किंवा ट्रेक रेकॉर्ड करायला लावला की सतत सॅटेलाइटचे सिग्नल पकडत राहतं, आठवडाभर चालणारं घड्याळही मग काही तासांवर येतं. एलटीईवाल्या, म्हणजे स्वतःचं मोबाइल नेटवर्क असलेल्या घड्याळाचं सह्याद्रीत अजून वाईट, रेंज नसली की ते टॉवर शोधत बसतं, तिथे एअरप्लेन मोड टाकावा, जीपीएस बहुतेक घड्याळांत तरीही चालतं.

हार्ट रेटचा हिरवा लाइट दर दहा मिनिटांनी लागला तर खर्च किरकोळ, तो चालूच ठेवावा, घड्याळ घ्यायचं मुख्य कारणच ते. रात्रभर ऑक्सिजन मोजणं मात्र बऱ्यापैकी खातं, डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर बंद ठेवलेलं बरं. ब्लूटूथ बंद करून फार काही वाचत नाही, खर्च नोटिफिकेशनचा असतो, फॅमिली ग्रुपवरच्या प्रत्येक सुप्रभातला स्क्रीन पेटतो आणि मोटर थरथरते, ग्रुप म्यूट केला की फरक दिसतो. ब्लूटूथ कॉलिंगवाल्या स्वस्त घड्याळांच्या बॉक्सवर मोठ्या अक्षरात 7 दिवस असतं आणि बारीक अक्षरात कॉलिंगसकट 2 दिवस, घेताना तो बारीक आकडा बघावा.

लिथियम-आयन बॅटरी चार्ज-डिस्चार्ज होत होत म्हातारी होते, उन्हात तापली की अजून लवकर. रोज चार्ज होणाऱ्या घड्याळाची वर्षाला चार्ज-डिस्चार्जच्या 365 च्या आसपास सायकल होतात, आठवड्याने होणाऱ्याची 52, आणि बॅटरी आत चिकटवलेली असल्यामुळे स्वस्त घड्याळात ती बदलून देणारा सहसा कोणी मिळत नाही.