सायलेन्सर काढला की गाडी जास्त पळते?

स्पोर्ट्स कारचा सायलेन्सर काढून सरळ पाइप टाकला की ताकद वाढते, ही समजूत गॅरेजमधून वर्षानुवर्षं चालत आली आहे. आवाज वाढतो हे खरं. ताकदीचं गणित वेगळं आहे.

जळालेला वायू सिलिंडरमधून सलग नाही, ठोक्याठोक्याने बाहेर पडतो. एक ठोका वेगाने पुढे सरकला की त्याच्या मागे कमी दाब तयार होतो. वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट आणि हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असतात, तेव्हा हाच कमी दाब उरलासुरला वायू ओढून घेतो आणि ताज्या हवेला वाट करून देतो. पाइपची लांबी-रुंदी याच हिशेबाने ठरवलेली असते. गरजेपेक्षा रुंद पाइप बसवला की वायूचा वेग पडतो आणि कमी आरपीएमला (इंजिनचे मिनिटाचे फेरे) गाडी मरगळते. मग ‘इंजिनला बॅक प्रेशर (बाहेर जाणाऱ्या वायूला होणारा अडथळा) लागतंच’ असं ठासून सांगतात. तेही चूक. इंजिनला वायूचा वेग हवा असतो, अडथळा नव्हे.

टर्बो गाडीत बाहेर पडणारा वायू टर्बाइन फिरवून इंजिनात जास्त हवा ढकलतो; तिथे टर्बाइननंतरचा पाइप मोकळा केल्याने खरंच फायदा होऊ शकतो, पण सोबत ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं, ट्यूनिंग लागतं. शिवाय मोकळ्या प्रवाहासाठी गोंगाट लागत नाही: जाळीदार नळीभोवती काचतंतू भरलेला मफलर (सायलेन्सर) आवाज शोषतो, वायूला सरळ जाऊ देतो.

ताकद वाढल्याचा दावा कुणी केला तर बदलाआधीचा आणि नंतरचा डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख मागा. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम 190(2) ध्वनिमर्यादा मोडणाऱ्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड सांगतं, कैदेचीही तरतूद आहे.