ट्रॉलीचा फाळका, वारा आणि बारा नंबरचा रॉड

उसाचा हंगाम ऐन भरात असताना दौंड-शिरूरकडे ट्रॉलीचा फाळका तुटला, की गावातला वेल्डर हमखास दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीखाली असतो. मग स्वतःचंच मशीन घ्यावं म्हणून पुण्याला चक्कर होते आणि दुकानात मिग मशीन (सिलिंडरमधल्या वायूच्या आडोशाने तारेचं वेल्डिंग करणारं) समोर येतं. चालवायला सोपं, टाका सुबक. पण ते वर्कशॉपच्या चार भिंतींत. शेतात कामाचा तो साधा, लेप दिलेला वेल्डिंग रॉडच.

लोखंड 1538 अंश सेल्सिअसला वितळतं आणि आर्कचं, म्हणजे वेल्डिंगच्या वेळी पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीचं, तापमान त्याच्याही कितीतरी वर असतं. वितळलेला धातू हवेतला ऑक्सिजन, नायट्रोजन ओढून घेतो. थिजताना हे वायू आत अडकले, की टाक्याला छिद्रं पडतात. मिगमध्ये सिलिंडरमधला वायू धातूवर पांघरूण धरतो, पण ताशी आठ-दहा किलोमीटरची झुळूकही ते उडवून लावते. रॉडचं पांघरूण त्याच्या लेपातच असतं. लेप जळून वायू तयार होतो आणि वर स्लॅगचा, म्हणजे वितळलेल्या लेपाच्या मळीचा, थर बसतो. हा लेप विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी आणला. तरी सुसाट वाऱ्यात पत्र्याचा आडोसा कराच.

सुरुवातीला 6013 रॉड घ्या (हा लेपाचा प्रकार सांगणारा क्रमांक). अडीच मिलिमीटरचा म्हणजे बारा नंबर, साधारण 60 ते 90 अँपिअरवर. जाड अँगलला त्याहून जाड, दहा नंबर. लेपाचा शत्रू म्हणजे ओल. मुळशी-मावळच्या पावसाळ्यात उघडं पडलेलं पाकीट दमट झालंच समजा. उन्हात ठेवून फारसं साधत नाही, कारण 6013 नीट वाळायला शंभरेक अंशांवर तासभर ठेवावा लागतो. त्यापेक्षा घट्ट झाकणाचा डबा स्वस्त.

नांगराच्या फाळाचं मात्र वेगळं. त्यात कार्बन जास्त, त्यामुळे टाका चटकन गार झाला की शेजारचं पोलाद कडक आणि ठिसूळ होतं. लेपातल्या ओलीतून आलेला हायड्रोजन त्यात शिरतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, तडा जातो. अशा कामाला कमी हायड्रोजन सोडणारा 7018 रॉड लागतो, तोही ओव्हनमध्ये वाळवलेला. फाळ आधी तापवायचा, नंतर राखेत पुरून सावकाश गार होऊ द्यायचा. नवशिक्याने या वाटेला लगेच जाऊ नये, असं माझं मत.

मशीन नीट चालत नसेल, तर आधी मशीनला वीज आणणारी वायर बघा. विहिरीजवळच्या पेटीपासून 50 मीटरवर काम असेल, तर दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये 20 अँपिअरला सुमारे 24 व्होल्ट वाटेतच जातात. शेतात मुळातच व्होल्टेज कमी, मग रॉड चिकटतो आणि बोल मात्र मशीनला बसतो. वायर चार चौरस मिलिमीटरची घ्या. ट्रॅक्टरवर काम असेल तर आधी बॅटरी सोडवा. अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या जवळ, घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर लावा. लांब लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि ते खराब होतं.

जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पाइपवरचं जस्त 907 अंशांना उकळतं. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आधी जस्त घासून काढा आणि वारा पाठीमागून नको, बाजूने येईल असे उभे राहा. काळी काच दहा-अकरा नंबरची हवी. बघत उभ्या राहिलेल्या पोरांना लांब पिटाळा, नाहीतर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन झोप उडते. आणि पाचट दहा पावलांवर असेल तर आधी ते ओढा, पाण्याची बादली भरा, मगच रॉड होल्डरला लावा.