ग्वांतानामोची फॅमिली क्वार्टर्स : पार्श्वभूमी

ग्वांतानामो म्हटलं की आता केशरी कपड्यांतले कैदीच आठवतात. पण क्यूबातल्या त्याच अमेरिकन नौदल तळावर पन्नास-साठच्या दशकात शाळेत गेलेली मुलं, जी आज आजी-आजोबा झाली आहेत, वेगळंच काही सांगतात. उघड्यावरचं सिनेमागृह, आडव्या येणाऱ्या इग्वाना, रात्री अंगणात फिरणारे मांजराएवढे 'बनाना रॅट', आणि खाऱ्या वाऱ्यानं पत्रा खाल्लेल्या मोटारी. बदली झाली की ती मोटार पुढच्या कुटुंबाला विकून टाकायची. अशा गाडीला तिथे 'गिटमो स्पेशल' म्हणत ('गिटमो' हे तळाचं टोपणनाव). कुलाब्याचं नेव्ही नगर ज्यांनी आतून पाहिलंय त्यांना हे जग फारसं परकं वाटणार नाही. फरक एवढाच की इथल्या कुंपणापलीकडे दुसरा देश होता, आणि 1959 च्या कॅस्ट्रोच्या क्रांतीनंतर तो शत्रू ठरला.

भाडेपट्ट्याची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. 1903 चा अमेरिका-क्यूबा करार, 45 चौरस मैल जमीन, आणि 1934 च्या सुधारित करारातली ती अट : दोघांनीही संमती दिल्याशिवाय किंवा अमेरिकेनं स्वतःहून जागा सोडल्याशिवाय पट्टा संपत नाही. वर्षाला क्यूबाला 4,085 डॉलरचा चेक येतो. क्रांतीनंतर क्यूबानं त्यातला एकच वटवला. वकिलांना चघळायला हा विषय बरा आहे. तळावरच्या बायका-मुलांच्या आयुष्यात मात्र वकिलांपेक्षा फाटक महत्त्वाचं होतं.

पन्नासच्या दशकात ते फाटक सैल होतं. सकाळी हजारो क्यूबन कामगार आत येत. त्यात वर्कशॉपमधले कारागीर होते, तशा घरकामाच्या बायकाही. अमेरिकन घरांतली कितीतरी मुलं त्यांच्याच हाताखाली वाढली. सुट्टीच्या दिवशी नौसैनिक बाहेर काइमानेरा किंवा ग्वांतानामो शहरात जात. ही ये-जा इतकी अंगवळणी पडली होती की 1957 च्या सुरुवातीला तळावरच्याच कुटुंबांतली 15, 17 आणि 20 वर्षांची तीन पोरं घर सोडून थेट सिएरा माएस्त्राच्या डोंगरात कॅस्ट्रोच्या बंडखोरांना जाऊन मिळाली. धाकटी दोघं काही महिन्यांत परतली. पुढच्या वर्षी, जून 1958 मध्ये, बंडखोरांनी बाहेरून परतणाऱ्या नौसैनिकांची आणि मरीन सैनिकांची बसच पळवली. काही आठवड्यांनी सगळे सुखरूप सुटले, पण बाहेर भटकण्याचे दिवस संपले ते तेव्हापासून.

जानेवारी 1961 मध्ये दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध तुटले. एप्रिलमध्ये पिग्सच्या उपसागरातली, अमेरिकेच्या पाठबळावरची क्यूबावरची फसलेली स्वारी झाली. त्याच वर्षी क्यूबानं कुंपणालगत निवडुंगाची लांबलचक रांग लावली आणि अमेरिकेनं आपल्या बाजूला सुरुंग पेरले. एवढं होऊनही कुटुंबं हलली नाहीत. वाद आहे तो इथेच, आणि तो पुढच्या सगळ्या आठवणींच्या मुळाशी आहे.

कुटुंबं ठेवण्याच्या बाजूनं युक्तिवाद सोपा होता. बायका-मुलं काढून घेतली तर आपणच जागा सोडायला निघालो असा अर्थ निघेल, किंवा उलट, हल्ल्याची तयारी चालली आहे असा. म्हणजे परसातल्या दोरीवर वाळणारे कपडे हा परराष्ट्र धोरणाचा भाग झाला होता. हे ज्यांच्या जिवावर चाललं होतं त्यांना कोणी विचारलं नव्हतं. सैनिकानं जोखीम पत्करून सही केलेली असते, त्याच्या तिसरीतल्या मुलीनं नाही.

आणि मग सोमवार, 22 ऑक्टोबर 1962. सकाळी निरोप आला : प्रत्येकी एक बॅग भरा, कुत्रं अंगणात बांधा, घराच्या किल्ल्या जेवणाच्या टेबलावर ठेवा आणि दारासमोर बसची वाट पाहा. मरीनना उतरवून रिकाम्या झालेल्या विमानांत रुग्ण, गरोदर बायका आणि तान्ह्या मुलांच्या आया बसल्या. बाकीच्यांना जहाजांवर चढवलं. सुमारे 2,800 जण त्या दिवशी दुपारपर्यंत तळाबाहेर पडले. संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष केनेडींनी दूरचित्रवाणीवरून क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांची बातमी जगाला सांगितली, आणि कुटुंबं हलवल्याचंही त्याच भाषणात. जहाजं तीन दिवसांनी नॉरफोकला लागली. तोवर मागे राहिलेल्या नवऱ्यांचं काय झालं असेल याचा अंदाज बांधणं एवढंच हाती होतं.

आधी का नाही हलवलं? आधी हलवलं असतं तर गुपित फुटलं असतं, हे उत्तर लष्करी हिशेबात बिनतोड आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की क्षेपणास्त्रं सापडल्यावरही काही दिवस शाळा, सिनेमा, वाढदिवस सगळं नेहमीसारखं चालू राहणं सोयीचं होतं. आठवणी सांगणारे बहुतेक जण याबद्दल कडवटपणे बोलत नाहीत. त्यांना त्या कुत्र्याचं पुढे काय झालं हेच आधी सांगायचं असतं. डिसेंबरात, नाताळाआधी, कुटुंबं परत आली. माझ्या मते मूळ निर्णयाइतकाच हा परतीचा निर्णयही तपासायला हवा, पण त्यावर क्वचितच कोणी लिहितं.

फेब्रुवारी 1964 मध्ये पाणी तुटलं. फ्लोरिडाजवळ क्यूबाच्या मच्छीमार नौका पकडल्याच्या बदल्यात कॅस्ट्रोनं यातेरास नदीवरून येणारं पाणी बंद केलं. तळ पाणी चोरतोय हा आरोप खोडायला तिथल्या कमांडरनं पाइपचा तुकडाच कापून काढून दाखवला. घराघरांत नळाला वेळा आल्या आणि जमैकाहून जहाजानं पाणी आलं. सान डिएगोजवळचा खाऱ्या पाण्याचा शुद्धीकरण प्रकल्प उचलून इथे आणून बसवला गेला. या किश्शात शौर्य आहे, म्हणून तो रंगवून सांगितला जातो. त्याच महिन्यात दोन हजारांहून अधिक क्यूबन कामगारांना काढून टाकायचं ठरलं, ते मात्र एका ओळीत उरकतात. काहींनी तळावरच राहणं पत्करलं आणि घरचे कायमचे पलीकडे राहिले. रिकाम्या जागांवर जमैकन आले. बाहेरून रोज ये-जा करत राहिलेल्यांतले शेवटचे दोन कामगार डिसेंबर 2012 मध्ये निवृत्त झाले. तोवर तेच बाहेरच्या जुन्या सहकाऱ्यांचं पेन्शन रोख घेऊन फाटकातून जात.

नंतरचा इतिहास परिचित आहे. 1986 मध्ये मॅकडोनाल्ड्स आलं. 1994 मध्ये तळावर हैती आणि क्यूबाच्या निर्वासितांची संख्या 45,000 च्या वर गेली, तेव्हा कुटुंबांना पुन्हा हलवलं, आणि ती परतली 1995 च्या ऑक्टोबरात. जानेवारी 2002 पासून कैदी आले. तुरुंगाच्या कामावर येणारे बहुतेक जण एकटेच येतात आणि मुदत संपली की जातात. घर, शाळा, बोटीची फेरी असलेलं जुनं गाव त्याच कुंपणात चालू आहे, आणि तिथल्या मुलांना पुढे कुठेही गेल्यावर आपण कुठे वाढलो हे आधी समजावून सांगावं लागतं.