दोन सेकंदांची रेघ

विसर्जनाची मिरवणूक चार गल्ल्या पलीकडे असली की घरात ताशा ऐकू येत नाही, येतो तो अधूनमधून ढोलाचा ठोका. बाकीचं वाजणं रहदारीच्या आवाजात बुडून जातं. तिकडे तासभर दणदणाट चाललेला असतो आणि आपण म्हणतो, ‘पाचच मिनिटं वाजलं की!’

गॅमा किरण स्फोट म्हणजे दूरच्या अंतराळातून अचानक येणारा गॅमा किरणांचा प्रखर झोत. तो किती वेळ टिकला, हे ठरवताना हीच पंचाईत होते. उपग्रहावरच्या संवेदकाला पार्श्वभूमीची खरखर कायमच ऐकू येत असते. स्फोट तेजस्वी असेल तर त्याची शेपटीही खरखरीच्या वर दिसते. मंद असेल तर फक्त शेंडा दिसतो, आणि स्फोट आखूड वाटतो.

तरी मोजायला काहीतरी माप हवंच. म्हणून आलेल्या गॅमा किरणांपैकी पहिले ५ टक्के आणि शेवटचे ५ टक्के सोडून मधल्या ९० टक्क्यांना लागलेला वेळ धरतात. त्याला ‘टी-९०’ म्हणतात. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या कॉम्प्टन वेधशाळेवरच्या ‘बॅटसे’ उपकरणाने १९९१ ते २००० या काळात २,७०४ स्फोट टिपले. १९९३ मध्येच दिसलं होतं की त्यांचे दोन ढीग पडतात. दोन सेकंदांच्या अलीकडचे लघु, पलीकडचे दीर्घ. पुढे कारणंही जुळली: लघु स्फोट न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांच्या, टकरीतून, दीर्घ स्फोट अवजड तारा कोसळताना.

गंमत म्हणजे अंतर उलटही खेळतं. दूरचा स्फोट मंद दिसतो, पण विश्वाच्या प्रसरणामुळे त्याचा काळ ताणलाही जातो. म्हणजे एक परिणाम आखूड करतो, दुसरा लांबवतो.

शिवाय ‘तेजस्वी’ म्हणजे काय? सर पाच मिनिटं धो धो कोसळली, की दिवसभर रिपरिप लागून जास्त मिलिमीटर भरले? एकूण ऊर्जेत दीर्घ स्फोट सहसा पुढे असतात. क्षणभराच्या कमाल झगमगाटात लघु स्फोट तितके मागे पडत नाहीत.

७ मार्च २०२३ ला आलेला स्फोट आजवरच्या सर्वांत तेजस्वी स्फोटांपैकी एक. तो अर्ध्या मिनिटाहून जास्त चालला, म्हणजे रेघेनुसार दीर्घ. पण जेम्स वेब दुर्बिणीला त्याच्या मागे राहिलेल्या उजेडात टेल्युरियमची खूण दिसली. असली जड मूलद्रव्यं न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीत घडतात. उलट २६ ऑगस्ट २०२० चा स्फोट जेमतेम सेकंदभराचा, आणि त्यामागे निघाला कोसळणारा तारा.