दारू फक्त निश्चयाने सुटते का?

‘मनात आणलं तर दारू एका दिवसात सुटते, पुन्हा प्यायला म्हणजे मनच कच्चं’, हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. निश्चय लागतोच. पण रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवली तर पहिल्या 2-3 दिवसांत हात थरथरतात, फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. कधी जिवावरही बेततं. म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हवी.

शरीर सावरतं, पण संध्याकाळचे सात रोज वाजतात. पिणारे मित्र सुटलेले, घरचे अजून बिचकून. ओढ लागते ती तेव्हा, आणि तिथे नुसता निश्चय पुरत नाही, सोबत आणि हाताला काम लागतं. हे पडताळायचं असेल तर दारू सोडणारे एकमेकांना आधार देतात अशा एखाद्या स्वमदत गटाच्या खुल्या, म्हणजे कुणालाही येता येणाऱ्या सभेला जा. वर्षानुवर्षं न प्यायलेल्यांना त्यांची संध्याकाळ विचारा. कुणी नवख्याचा फोन घेत असतो, कुणी सभेआधी सतरंज्या अंथरून चहा टाकतो.