तालुक्याचे सर्व्हर नागपूरहून तपासण्यामागची पार्श्वभूमी

दूरच्या मशिनमध्ये नेटवर्कवरून सुरक्षित शिरायची सोय 1995 मध्ये एसएसएच या प्रोटोकॉलने केली. त्यानंतरची कितीतरी वर्षे बहुतेकांनी शेल स्क्रिप्टवरच, म्हणजे आज्ञांची यादी लिहून ठेवलेल्या फाइलवरच निभावली. मग अनेक सर्व्हर एकाच ठिकाणाहून सांभाळणारी सॉफ्टवेअर आली: 2005 मध्ये पपेट, 2009 मध्ये शेफ. दोघांनाही प्रत्येक सर्व्हरवर आपापला एजंट, म्हणजे कायम चालणारा छोटा प्रोग्राम लागायचा. त्याच कामाच्या 2012 च्या अ‍ॅन्सिबलने ती अट काढली. पलीकडे एसएसएच आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा असली की भागते. 2015 मध्ये एका बड्या लिनक्स कंपनीने अ‍ॅन्सिबल विकत घेतले.

विदर्भात खरी रस्सीखेच झाली ती वेगळ्याच मुद्द्यावर: नागपूरच्या कार्यालयाने एकेका सर्व्हरचे दार ठोठावायचे, की सर्व्हरनेच येऊन हजेरी लावायची? धारणी, एटापल्ली, सिरोंचा अशा ठिकाणी शाखा असलेल्या एका संस्थेने पहिला मार्ग धरला. रोज सकाळी प्लेबुक (अ‍ॅन्सिबलला द्यायची कामांची यादी) चालवायचे, डिस्क किती भरली आणि रात्रीचा बॅकअप झाला का ते बघायचे. बैठकीत हे सोपे वाटले. पण अ‍ॅन्सिबल मुळात एका वेळी पाचच मशिन हाताळते आणि यादीतले एक काम (टास्क) सगळीकडे उरकल्याशिवाय पुढचा घेत नाही. एकाची लाइन संथ, की बाकीचे ताटकळले. पाचाचा आकडा वाढवता येतो, 2016 मध्ये प्रत्येक मशिनला आपापल्या गतीने पुढे जाऊ देणारी 'फ्री' स्ट्रॅटेजीही आली, तेवढ्यापुरते भागले.

मूळ दुखणे 'अनरीचेबल' (सर्व्हरपर्यंत पोचता आले नाही) या लाल ओळीचे. जेसीबीने फायबर तोडली, लाइट जाऊन इन्व्हर्टर बसला किंवा सर्व्हरच मेला, तिन्हींना ओळ तीच. मग फोन: "लाइन हाये का भाऊ तिकडं?" ऑटोमेशन म्हणायचे ते हे!

दुसरा मार्ग अ‍ॅन्सिबल-पुलचा, म्हणजे सर्व्हरनेच ओढून घेण्याचा (pull). क्रॉन (ठरल्या वेळी काम सुरू करणारी सोय) लागला की सर्व्हर गिटमधून, म्हणजे फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या साठ्यातून, प्लेबुक ओढतो आणि स्वतःच स्वतःला तपासतो. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे, की मग प्रत्येक ठिकाणी अ‍ॅन्सिबल आणि गिट बसवावे लागते, म्हणजे एजंट नसण्याचा फायदाच गेला. शिवाय क्रॉन चाललाच नाही तर कळणार कोणाला? पहिला आक्षेप फारसा वजनदार नाही, बसवायचे काम एकदाच असते. दुसरा मात्र बिनतोड होता. त्यावर तोडगा निघाला तो साधाच: पुल नीट पार पडला की सर्व्हरने तारीख-वेळेची एक ओळ नागपूरला पाठवायची.

आता मेळघाट आणि गडचिरोलीकडचे सर्व्हर पुलवर आहेत, बाकीचे जुन्याच पद्धतीने. नागपूर दूरच्यांची फक्त शेवटची ओळ किती जुनी ते बघते. दोन दिवस उलटले की माणूस पाठवते.