सहीच्या खुर्चीला संगणकाची सूट

सरकारी कामात एआय आणायचं तर आधी प्रशिक्षण हवं, असं मुंबईतल्या परिषदांमधून हल्ली वारंवार ऐकू येतं. प्रशिक्षण या राज्याला नवं नाही. २००१ साली एमकेसीएल (महाराष्ट्र ज्ञान महामंडळ) स्थापन झाली, तिचा एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम गल्लोगल्ली पोचला आणि सरकारी नोकरीत ते किंवा तत्सम प्रमाणपत्र सक्तीचं झालं. मुदतीत परीक्षा न देणाऱ्याची वेतनवाढ अडायची. पन्नाशी गाठलेल्यांना मात्र सूट मिळाली. सूट माणुसकीचीच म्हणायची, पण बहुतेकांच्या हाती सहीचे मोठे अधिकार येतात ते याच वयात! टंकलेखन लिपिकाने करायचं आणि साहेबांनी प्रिंटवर शेरा मारायचा, ही वाटणी त्यातून आणखी घट्ट झाली.

ते टंकलेखनही ज्याच्या त्याच्या फॉन्टमध्ये: कुठे श्रीलिपी, कुठे शिवाजी, कुठे कृतिदेव. पडद्यावर ‘क’ दिसला तरी आत साठलेला संकेत भलत्याच अक्षराचा. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर परिपत्रक उघडलं की रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी समोर यायची. प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच संकेत देणाऱ्या युनिकोडचा आग्रह पुढे आला, पण त्याआधीचा मजकूर रूपांतर केल्याशिवाय एआयलाही नीट वाचता येत नाही. हे कंटाळवाणं काम कुठल्याच कार्यशाळेच्या विषयपत्रिकेवर दिसत नाही.

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वर चढली. माणसं गेली, फायलींचे ढीग जळाले. त्यानंतर ई-ऑफिसला जोर आला. २०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा झाला, ‘आपले सरकार’ पोर्टल आलं. फाईल पडद्यावर आली, तरी तिच्या पायऱ्या जुन्याच राहिल्या.

नेतृत्वाचं दुखणं वेगळं. २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ ठरवला, पण अनेक अधिकारी त्याआधीच हलतात. प्रणाली समजून उमजून घेणारा जातो आणि नवा माणूस पुन्हा पहिल्या सादरीकरणापासून सुरुवात करतो. २०२० च्या मिशन कर्मयोगी या केंद्राच्या प्रशिक्षण योजनेने ऑनलाइन धडे दिले, पण ते माणसाला. खात्याची आठवण त्याने टिकत नाही.

२०२४ मध्ये पोलिसांसाठी ‘मार्वल’ ही एआय कंपनी उभी राहिली. डिसेंबर २०२५ मध्ये मुंबईत ‘महाक्राइमओएस’ ही गुन्हे तपासात मदत करणारी एआय प्रणाली राज्यातल्या १,१०० पोलीस ठाण्यांपर्यंत नेण्याची घोषणा झाली. आता तपासाची दिशा यंत्र सुचवणार. ती मान्य करायची की खोडायची, हे ठरवणं तपास अधिकाऱ्याकडेच राहतं, आणि इथे लिपिकाला बसवून भागणार नाही.